बिनसावलीची दुपार

धम्मपाल साळवे जी गाडी चालवायचा तिला ज्या त्या गावाने आपापलं नाव दिलं होतं. पेठकडच्या पाड्यांवर ती हाडांची गाडी होती, कारण तिच्यात माणसाचा प्लास्टिकचा सापळा होता. सिन्नरच्या बाजूला ती दुर्बिणीची गाडी. नाशिकरोडच्या शाळांमधली पोरं तिला नुसतं सायन्सची बस म्हणत. पत्र्यावर मात्र 'फिरतं विज्ञान प्रदर्शन' अशी अक्षरं होती, उन्हाने निम्मी उडालेली. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका लहानशा विज्ञान केंद्राची ती गाडी.

या गाडीवर लागायच्या आधी तो सिन्नर ते नाशिकरोड काळीपिवळी जीप चालवायचा. माणसं कोंबून न्यायची सवय असलेल्या माणसाला या अर्ध्या रिकाम्या गाडीचा सुरुवातीला धाक वाटला. भिंगं, काचेच्या नळ्या, चुंबकं. वळणावर आतून काही वाजलं की तो गाडी कडेला घेऊन मागे जाऊन बघून यायचा. सापळ्याच्या बरगड्या तर प्रत्येक घाटात निखळायच्या. शेवटी त्याने सापळ्याला आपल्या शेजारच्या सीटवर बसवून पट्टा बांधायची पद्धत पाडली. एकदा टोलनाक्यावरच्या माणसाने डोकावून विचारलं, नवीन साहेब का? धम्मपाल म्हणाला, "जुनेच आहेत. अनुदानाची वाट बघता बघता असे झाले."

हा विनोद केंद्रात बरीच वर्षं फिरत राहिला. या वर्षी मात्र तो कोणी केला नाही.

एप्रिलमध्ये तेजलने त्याला बातमी सांगितली. तेजल केंद्रातली तरुण विज्ञानशिक्षिका. गाडीबरोबर फिरायचं आणि लोकांना समजावून सांगायचं हे तिचं काम. ती म्हणाली, गाडीचा खर्च बंद करायचं खात्याने जवळजवळ ठरवलंय. देवरे मॅडम म्हणून एक अधिकारी आहेत, त्या मे महिन्यात एक कार्यक्रम स्वतः बघतील आणि अहवाल देतील. अहवाल बरा गेला नाही तर जूनपासून गाडी केंद्राच्या मागे चिंचेखाली उभी राहील.

धम्मपालची नोकरी जाणार नव्हती. निवृत्तीला फार काळ उरला नव्हता, तोवर त्याला ऑफिसची मोटार चालवायला दिली असती. तरी त्या दिवशी तो डबा न उघडताच घरी घेऊन गेला.

कोणता कार्यक्रम दाखवायचा, असं तेजलने विचारलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "सावलीचा. आणि तो आमच्याकडं करू, एकलहऱ्याला."

तेजलला जरा नवल वाटलं. दर मे महिन्यात सावलीच्या दिवशी गाडी कुठे ना कुठे उभी राहिलीच पाहिजे असा याचाच हट्ट असायचा, पण आपल्या वस्तीचं नाव त्याने कधी घेतलं नव्हतं. का, ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याच्या बायकोला, मैनालासुद्धा नाही.

ती गोष्ट त्याच्या लहानपणातली होती. वडील वीजकेंद्रावर कोळसा उतरवायच्या कामाला, आई जवळच्या वीटभट्टीवर. उन्हाळ्यात शाळा नसली की आई सकाळच्या पाळीनंतर वडिलांची भाकरी घेऊन वीजकेंद्राच्या फाटकाकडे निघायची आणि धम्मपाल तिच्या मागे. त्याच्या पायात काही नसायचं. रस्ता तव्यासारखा झालेला असायचा. पण फाटक पूर्वेला होतं, ऊन समोरून यायचं, त्यामुळे आईची सावली तिच्या मागे पडायची, आणि तो तिच्यात पाय टाकत चालायचा. आईला ते माहीत होतं. ती पावलं लहान टाकायची.

एक दिवस भट्टीवर उशीर झाला. ते निघाले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. धम्मपालने पाय टाकला आणि तो भाजला. पुन्हा टाकला, पुन्हा भाजला. त्याने खाली पाहिलं. आईच्या मागे काही नव्हतं. पुढे नव्हतं, बाजूलाही नव्हतं. तिच्या पायांशी काळसर डाग तेवढा होता, सांडल्यासारखा. रस्त्याच्या कडेचे विजेचे खांबही तसेच उभे, जमिनीत ठोकलेले आणि जमिनीवर कसलीच खूण नसलेले. सगळं कसं उघडं पडलं होतं.

"आई, तुझी सावली कुठंय?"

आईने खाली बघितलं. जराशी थांबली. मग हसली. "बरंय की. नाय तर नाय. कुणाला इटाळ तरी व्हायचा नाय."

तिने त्याला कडेवर उचललं आणि ती भराभरा चालू लागली. ती काय म्हणाली ते त्याला तेव्हा कळलं नाही. गावाकडे आजी सांगायची की तिच्या लहानपणी रस्त्याने कोणी मोठा माणूस आला की बांधाखाली उतरावं लागायचं, आपली सावली त्याच्यावर पडू नये म्हणून. संध्याकाळी तर जास्तच लांब उतरावं लागायचं, कारण सावली लांब व्हायची. हे सगळं जोडून बघण्याएवढा तो मोठा नव्हता. त्याच्या डोक्यात एवढंच राहिलं की आईची सावली गेली.

शेजारी सगुणाबाई राहायच्या. आईच्याच भट्टीवर कामाला. संध्याकाळी त्यांच्या चुलीशी बसून त्याने, कोणाचं नाव न घेता, सहज विचारल्यासारखं विचारलं की माणसाला सावली नसली तर काय होतं. सगुणाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, मरायला टेकलेल्या माणसाला त्याची सावली आधी सोडून जाती.

त्या पावसाळ्यात आईला कावीळ झाली. पोळ्याच्या आधी ती गेली.

पुढे तो शाळेत गेला, नापास झाला, जीप शिकला, त्याचं लग्न झालं. पण मे महिन्यातल्या भर दुपारी तो कधी बाहेर थांबला नाही. जीप उभी करून कुठल्यातरी टपरीत शिरायचा. मैना कामासाठी उन्हात निघाली की उगाच चिडायचा. मुलगी झाल्यावर तर तिला दुपारी अंगणातही सोडायचा नाही. घरात सगळ्यांना वाटायचं, उन्हाचा त्रास आहे याला.

गाडीवर लागल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात सिन्नरच्या पुढच्या एका गावात शिबिर होतं. तेव्हा गाडीबरोबर सोमनाथ सर असायचे, गंगापूर रोडला राहणारे, कॉलेजातून निवृत्त झालेले. त्यांनी शाळेच्या फरसबंद अंगणात स्टीलचे पेले उपडे मांडले आणि मुलांना भोवती बसवलं. धम्मपाल गाडीच्या आत, पडदा ओढून बसला होता. बाहेरून सरांचा आवाज येत होता. पृथ्वी कलती आहे, म्हणून सूर्य वर्षभर उत्तरेला दक्षिणेला सरकताना दिसतो. आपण त्याच्या वाटेत राहतो. त्यामुळे जाताना एकदा आणि येताना एकदा असा वर्षातून दोनदा तो बरोबर आपल्या डोक्यावर येतो. त्या दिवशी, त्या वेळी, उभ्या वस्तूला सावली पडत नाही. कोणाचीच नाही. दिल्लीच्या माणसाला हे जन्मभर दिसत नाही, आपल्याला दिसतं.

मुलं ओरडली तेव्हा धम्मपालने पडदा बाजूला केला. अंगणात पेले चकाकत होते आणि एकाचीही सावली नव्हती.

तो खाली उतरला. सर पेले गोळा करत होते. त्याने विचारलं, "सर, मी लहान होतो तेव्हाही हे व्हायचं का?"

"तेव्हाही. तुमचे पणजोबा लहान होते तेव्हाही." सर हसले. "माणूस नव्हता तेव्हाही, धम्मपाल. फक्त बघायला कोणी नव्हतं."

गाडीच्या मागे पाण्याचा कॅन होता. तिथे जाऊन तो बराच वेळ तोंड धूत राहिला. आईची सावली आईला सोडून गेली नव्हती. सूर्य आईच्या डोक्यावर आला होता. एवढा मोठा सूर्य, इतक्या लांबून, बरोबर तिच्या मस्तकावर. वीटभट्टीवर राबणाऱ्या, फाटकाकडे भाकरी नेणाऱ्या त्याच्या आईच्या. त्या क्षणी त्या रस्त्यावर राजा जरी उभा असता तरी त्याचीही सावली पडली नसती. ती हसली होती ते किती खरं होतं, हे तिला स्वतःलाही कळलं नसेल.

पण परतताना, सरांना सोडायला गंगापूर रोडकडे गाडी वळवली तेव्हा, त्याला दुसरंच काही वाटू लागलं. हे त्या काळीही माहीत होतं. शहराच्या या टोकाला, या झाडांमागच्या कॉलेजांत, पुस्तकांत, सरांच्या डोक्यात. प्रश्न एकलहऱ्याला होता आणि उत्तर गंगापूर रोडला. मधे फक्त एक शहर होतं. ते ओलांडून कोणी आलं नाही.

तेव्हापासून तो गाडी जपून चालवू लागला.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. तीन दिवसांनी बुद्धपौर्णिमा होती. वस्तीतल्या विहारापुढचं पटांगण अश्विनच्या ताब्यात होतं. अश्विन हा विहार मंडळाचा तरुण अध्यक्ष, उत्साही पोरगा. सरकारी पाहुण्या येणार म्हटल्यावर त्याने रात्रीच मंडपवाल्याला गाठून पौर्णिमेचा मंडप आधीच उभा करून घेतला होता. धम्मपाल गाडी घेऊन पोचला तेव्हा पटांगणावर लोखंडी पाइपांच्या रांगा आणि वर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं-निळं कापड, कुठे फट नाही. जिथे कापड कमी पडलं तिथे द्राक्षबागेतली हिरवी जाळी आणून ताणली होती. खाली गार सावली. कूलर. खुर्च्यांना कव्हरं.

अश्विन अभिमानाने पुढे आला. "जय भीम, काका. बघा, उनाचा एक कवडसा येत नाय."

धम्मपालने मान वर करून या टोकापासून त्या टोकापर्यंत कापड बघितलं. तेजलने तोंडावर हात धरला. हसावं की रडावं अशा आवाजात ती म्हणाली, सूर्य दाखवायचाय रे बाबा.

अश्विनचा चेहरा उतरला. त्याने कार्यक्रमाचं नाव वाचलं होतं, 'शून्य सावली दिवस'. पण पाहुण्याला उन्हात उभं करायचं हे त्याच्या मनात येणं शक्यच नव्हतं. या वस्तीत आलेल्या माणसाला आधी पाणी आणि सावली, बाकीचं नंतर.

तेवढ्यात देवरे मॅडम आल्या. सटाण्याच्या बाजूच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी गाडी आतून बघितली, पट्टा बांधलेला सापळा बघितला. तेजलने किती गावं, किती शाळा हे सांगायला सुरुवात केली तर त्या म्हणाल्या की आकडे त्यांनी वाचलेत. मग त्या धम्मपालकडे वळल्या.

"तुम्ही इतकी वर्षं फिरताय. मला एक सांगा. हे सगळं आता मोबाइलवर आहे. लोकांचा पैसा आहे हा. दवाखान्याला लागतो, पाण्याला लागतो. मग गाडी कशासाठी?"

प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. म्हणूनच तो धम्मपालला जड गेला. त्याला सगळं सांगायचं होतं, आई, रस्ता, कावीळ. तोंडातून एवढंच निघालं, "मॅडम, मोबाइलमधी शोधायला आधी माहीत पाहिजे, की ह्याला काही उत्तर असतं." आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच धड कळलं नाही. मॅडमनी मान हलवली, पटलं म्हणून की संपलं म्हणून, ते कळलं नाही.

वेळ थोडा होता. मंडपवाला दुसऱ्या कामावर निघून गेला होता. अश्विननेच चप्पल काढली आणि तो पाइपावर चढला. मग बाकीची पोरं चढली. गाठी सुटू लागल्या. बायका खाली कापड झेलायला उभ्या राहिल्या. कोणीतरी म्हणालं, लग्न मोडल्यासारखं वाटतंय. दुसरी म्हणाली, मोडू दे, सूर्य दुसरीकडं जायच्या आत आवरा. एकेक पट्टा सरकत गेला आणि पटांगणात ऊन उतरत गेलं, रुंद, पांढरं. शेवटी हिरवी जाळी निघाली. फक्त पाइप उरले.

तेजलने उपडे पेले मांडले होते, पण पेल्यांकडे कोणी बघेना. सगळे पाइपांकडे बघत होते. जेवढे खांब तेवढ्या सावल्या, सगळ्या पश्चिमेला, आधी हातभर, मग वीतभर. कोणीही त्यांना हात लावत नव्हतं आणि त्या आत ओढल्या जात होत्या, एकाच वेळी, एकाच वेगाने, जणू सगळ्या खांबांनी मिळून श्वास आत घेतला होता. बोलणं कमी होत गेलं. कूलरची घरघर ऐकू येऊ लागली आणि कोणीतरी तोही बंद केला.

साडेबाराच्या जरा पुढे शेवटचा काळा काठ बुंध्यात शिरला.

पटांगणभर लोखंडी खांब उभे होते आणि एकाचीही सावली नव्हती. वरच्या आडव्या पाइपांच्या रेघा तेवढ्या जमिनीवर उमटल्या होत्या, बरोबर त्यांच्या खाली, घराच्या नकाशासारख्या. त्या रेघांच्या चौकटींत माणसं उभी होती आणि माणसंही तशीच, आपापल्या पायांवर गोळा झालेली. देवरे मॅडम आपल्या बुटांकडे बघत होत्या. लांबवर वीजकेंद्राच्या चिमण्या होत्या. त्यांनाही या घटकेला काही नव्हतं. जमिनीवर नुसता उजेड होता. तो कुठून आला, किती लांबून, आणि नेमका इथेच कसा उभा राहिला, असं काहीतरी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं.

आणि विहाराच्या पायरीवर, पत्र्याखाली, सगुणाबाई बसल्या होत्या. पार थकलेल्या, हातात काठी. सकाळपासून त्या येऊन बसल्या होत्या; पण कापड निघालं तसं त्या मागे मागे सरकत भिंतीला टेकल्या होत्या.

धम्मपाल त्यांच्याजवळ गेला. "मावशी, चला की."

"नको रं धम्मा. तुमी बघा." त्यांनी आवाज खाली आणला. "माज्या वयात नको बघाया. नसली तर?"

"नाहीच आहे. कुणाचीच नाय. माझी बघा."

त्यांनी त्याच्या पायांकडे बघितलं. मग हात पुढे केला. त्याने त्यांना धरून पायऱ्या उतरवल्या आणि उन्हात आणलं. त्यांनी डोळे मिटले होते. त्याने त्यांची काठी जमिनीवर सरळ उभी धरायला लावली आणि म्हणाला, आता बघा.

काठी उभी होती. तिच्या भोवती सगळीकडे ऊन होतं.

"लहानपणी एकदा तुम्हाला विचारलं होतं," धम्मपाल म्हणाला. त्याने हे ठरवलं नव्हतं. "सावली नसली तर काय होतं म्हणून. त्या दिवशी आईची दिसली नव्हती. फाटकाच्या रस्त्यावर. हाच दिवस असणार, नाय तर एखादा मागंपुढं."

सगुणाबाईंनी वर बघितलं. त्यांना आठवलं की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मग त्यांचे ओठ हलले.

"आन् तू तवापासून ते मनात धरून बसला?"

त्याने मान डोलावली.

"मला माज्या आजीनं सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "आमाला दुसरं कोन सांगनार व्हतं, लेका? कोन आलं व्हतं सांगाया?"

त्याने आपला हात काठीवरच्या त्यांच्या हातावर ठेवला. दोघं खाली बघत राहिले. काठीच्या बुडाशी, पूर्वेच्या अंगाला, दोऱ्याएवढी काळी रेघ निघाली. सगुणाबाईंनी ती आधी बघितली.

"आली," त्या म्हणाल्या. आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

देवरे मॅडम जवळच उभ्या होत्या. किती वेळ, ते धम्मपालला माहीत नव्हतं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर बघायचा प्रयत्न केला, मान खाली घातली आणि तेजलला विचारलं, हा परत कधी येणार?

"जुलैच्या शेवटाकडे. पण तेव्हा ढग असतात. दिसेल याची खात्री नाही."

"ढग असले तरी तो येतोच, मॅडम," धम्मपाल म्हणाला. "आपल्याला दिसत नाय एवढंच."

मॅडम थोडा वेळ पाइपांकडे बघत राहिल्या. सावल्या आता सगळ्यांच्या दुसऱ्या बाजूला फुटल्या होत्या. "मग जुलैत सिन्नरला लावा गाडी," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षाचं मला वरच्यांशी भांडावं लागेल. पण जुलैचं धरून चाला. दिसलं नाही तर लोकांना सांगायला कोणीतरी तिथं असायला हवं."

तेजलने धम्मपालकडे बघितलं. तो पेले गोळा करायला वाकला. अश्विनने सरबताचे ग्लास आणले आणि मॅडमना घोटभर तरी घ्याच म्हणून मागे लागला. पोरं पुन्हा पाइपांवर चढून कापड बांधू लागली, पौर्णिमा तीन दिवसांवर होती.

सगुणाबाईंना घरी सोडायला धम्मपालच निघाला. घर पश्चिमेला, त्याच जुन्या रस्त्याला; आता तिथे डांबर झालं आहे. त्या पुढे, काठी टेकत. तो मागे. ऊन एवढ्यात थोडं कललं होतं आणि त्यांची सावली त्यांच्या मागे वीतभर पडली होती. धम्मपालच्या पायात चांगले बूट होते. तरी तो जपून, पाऊल लहान करत, तिच्यात पाय टाकत चालला.